टोचलेल्यांची पाळी

पुणे, २ एप्रिल १९३७

प्रिय भामाअक्का,

तुझं पत्र काल हाती आलं. अक्षरं आता ओळीवर बसायला लागली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी शिकवत होते तेव्हा तुझा 'ळ' कायम खाली घसरायचा, आठवतं? पण मजकूर वाचून हसू मावळलं. कोंडिबा मीठ आणायला वरंध घाटाने महाडला गेला, ताप घेऊन वर आला आणि आता त्याच्या अंगभर देवी उठल्या, हे वाचून मी पत्र तसंच घेऊन आमच्या लस खात्याच्या साहेबांच्या खोलीत गेले. तुमच्या वाडीसाठी लस पाठवायचं त्यांनी कबूल केलं आहे. खरं तर देवी काढायचा हंगाम थंडीचा, पण साथ हंगाम पाहून येत नाही. भोरहून देवी डॉक्टर निघतील, हिर्डोशीला मुक्काम करतील आणि वर तुमच्याकडे येतील. सासूबाई काही म्हणोत, घरातलं एकही मूल लपवू नकोस.

तू विचारतेस, मी इथे नक्की काय करते. लस काचेच्या बारीक नळ्यांतून गावोगाव जाते. गावांच्या याद्या परत येतात: किती जणांना टोचलं, किती जणांची टोचणी उठली. त्या मी तपासते आणि साथ कुठून कुठे सरकते त्याचा नकाशा करते. बाकीचं तुला कंटाळवाणं वाटेल, म्हणून लिहीत नाही.

पण एक गोष्ट मला सलते. कोंडिबाच्या दारापुढे पाल्याची रेघ ओढली, ती कुणी ओलांडत नाही, पेज लांब दगडावर ठेवून सगळे माघारी फिरतात, असं तू लिहितेस. अक्का, कोंडिबा आणि त्याची बायको फुलाबाई, दोन माणसं आत तळमळत आहेत आणि आपण त्यांना दगडावर पेज ठेवतो! पूर्वी इलाज नव्हता. आता आहे. देवळात सगळ्यांना माझा निरोप सांग: ज्यांना टोचलं आहे त्यांनी पाळी लावून आत जावं, पाणी द्यावं, पेज भरवावी. न टोचलेल्यांनी लांब राहावं. टोचलेल्याला भय नाही, हे मी शिकून सांगते आहे, ऐकून नाही.

ठकूला पापा.

तुझी सगुणा

---

वरची वाडी, हिर्डोशी
१४ एप्रिल

सगुणे,

तुजा डॉक्टर आला. सा तारखेला आला, घामानं भिजून. वाटंतली गावं टोचत चार दिस चालतुया म्हनला. एकतीस पोरं टोचली. सासूबाईंनी भामट्यावानी धाकट्या म्हादूला कनगीत बसवला व्हता, पर त्यो आतनंच शिंकला. डॉक्टर हसला, सासूबाई मातूर दोन दिस माज्याशी बोलल्या न्हाईत. "तुजी भन शिकली आन माज्या नातवाचा दंड फाडला," म्हनत्यात.

ठकूनं सगळ्यात आदी हात म्होरं केला. "माजी मावशी बीएस्सी हाय, मला काय व्हनार न्हाई," असं डॉक्टरला सांगटलं. आट वर्साची न्हाई अजून, पर तोरा बग.

आन सगुणे, तुजं औशद लई चांगलं. म्या लहान असताना टोचलं तवा माजा दंड कोहाळ्यावानी सुजला व्हता, आबांनी मला खांद्यावर घिऊन रात काडली. औंदा कुनालाच काय तरास न्हाई. ताप न्हाई, सूज न्हाई. पोरं दुसऱ्या दिशी झाडावर.

तुजा निरोप देवळात सांगटला. गेनबा म्हातारा आदी नको म्हनत व्हता, मग म्हनला, शिवऱ्याच्या चिमाजीची पोर एवडं शिकली ती काय उगीच? पाल्याची रेघ उचलून टाकली. मोटी मानसं समदी रानात राब भाजायला जात्यात, म्हनून पाळी टोचलेल्या पोरांची लावली. सकाळी ठकू आन सखू, सांजंला दुसरी दोगं. ठकू कोंडिबाला पेज भरवती. फुलाबाई रडत म्हनली, भामे, पंधरा दिसांत मानसाचं तोंड बगितलं न्हवतं.

म्या तुज्यामुळं आज वाडीत ताट मान करून चालते.

भामा

---

पुणे, १९ एप्रिल १९३७

प्रिय अक्का,

पत्र वाचून मी टेबलाशी बसून रडले. आनंदाने. शेजारच्या बाईंनी विचारलं, घरी कुणाला बरं नाही का? मी म्हटलं, उलट, घरचे सगळे बरे आहेत.

कॉलेजात आमचे मास्तर म्हणायचे, ज्ञान गावापर्यंत पोचत नाही तोवर ते अर्धंच. तुमच्या वाडीत ते पोचलं. फुलाबाईचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. साहेबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, असं इतर गावांत झालं तर निम्मे रोगी नुसत्या पाण्यावाचून मरतात ते तरी वाचतील.

ठकूला सांग, मावशीने तिच्यासाठी निळी रिबीन घेतली आहे.

सगुणा

---

पुणे, २६ एप्रिल १९३७

अक्का,

आज थोडंच लिहिते. काम फार आहे. वेल्ह्याकडच्या आणि भोरच्या सगळ्या याद्या एकदम आल्या आहेत.

एक सहज विचारायचं होतं. पोरांचे दंड तू आठव्या दिवशी पाहिले होतेस का? टोचलं तिथे पाण्याने भरलेला फोड आला होता का, खपली धरली का, आता वण दिसतो का? एकतिसांपैकी किती जणांना? सगळ्यांचे दंड बघून आकडा कळव. माझ्या तक्त्यासाठी हवा आहे. डॉक्टरांची यादी अजून आली नाही. त्यांना परतीच्या वाटेवर ताप आला म्हणतात.

आणि पोरांची पाळी जरा थांबवता आली तर पाहा. उन्हाचे दिवस आहेत, उगीच दगदग.

उत्तर लगेच टाक.

सगुणा

---

वरची वाडी
१ मे

सगुणे,

तुजं पतर काल आलं. असं तुटक का लिवलंस? बरी हाइस न्हवं?

म्या घरोघर जाऊन दंड बगितलं. एकाच्याबी दंडाला फोड आला न्हवता. वण न्हाई. कुटं टोचलं तेबी आता दिसत न्हाई. एकतीस पैकी एकबी न्हाई. ह्ये बरं का वाईट? तू बरं म्हनशील म्हनून धरून चालले हुते, पर तुजे प्रश्न वाचून म्या पुन्यांदा समद्यांचे दंड बगून आले.

कोंडिबा गेला. मागल्या सोमवारी. फुलाबाईच्या अंगावर देवी उठल्यात, तिला कळा लई हुत्यात. पाळी कशी थांबवू? पोरं ग्येली न्हाईत तर तिला पानी कोन देनार? माज्याबिगर मोटं कुनी टोचलेलं न्हाई, ती आत जायला भित्यात, आन मला घर सुटत न्हाई.

ठकूला परवापास्नं ताप हाय. कंबर दुकती म्हनती. उनातनं फिरली आसंल. सखूबी निजून हाय. फुलाबाईकडं आज दुसरी पोरं ग्येली.

लवकर लिव.

भामा

---

पुणे, ५ मे १९३७

अक्का,

या पत्राआधी तुला माझी तार मिळाली असेल. तारेत दोन ओळी मावतात, म्हणून सगळं इथे लिहिते. बसून वाच. शेवटपर्यंत वाच.

फोड न उठणं वाईट. टोचणी उठली, दंड सुजला, ताप आला, म्हणजे लस लागली. काहीच झालं नाही याचा अर्थ पोरांच्या अंगात लस गेलीच नाही, नुसतं पाणी गेलं. तुझा दंड लहानपणी सुजला म्हणून तू आज सुरक्षित आहेस. आपली ठकू नाही. एकतिसांतलं कुणीच नाही.

एप्रिलच्या उन्हात नळ्या चार दिवस डोक्यावरच्या पेटीतून चालल्या आणि लस मेली. आपलं शिवरं सडकेवर आहे, तिथे नळ्या मोटारीने एका दिवसात पोचल्या. तिथल्या तिसांपैकी अठ्ठावीस जणांची टोचणी उठली. वेल्ह्याला दोन दिवसांची वाट, तिथे निम्म्यांची. पानशेतकडच्या वाड्यांत त्याहून कमी. सडकेपासून जितकं लांब तितकं शून्याजवळ. मी नकाशावर टाचण्या लावत गेले आणि शेवटची टाचणी तुमच्या वाडीची होती.

आता माझ्याबद्दल लिहिते.

हे मला २४ एप्रिललाच दिसलं होतं. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, एका तक्त्यावरून बोलू नका, ताज्या नळ्यांशी ताडून पाहू, पंधरा दिवस लागतील. टोचणी वाया जाते असं एकदा गावात पसरलं की लोक पुढे दंडच देणार नाहीत आणि मग साथ कुणाच्या बापाला आवरणार नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं. खोटं कशाला लिहू, तेव्हा पटलं. म्हणून २६ तारखेला मी तुला ते आडून आडून पत्र लिहिलं. पाळी थांबव म्हटलं, पण का ते सांगितलं नाही. उन्हाचं निमित्त केलं.

आणि त्याच्याही आधी, १४ तारखेच्या तुझ्या पत्रात तू स्पष्ट लिहिलं होतंस, कुणालाच काही त्रास नाही, सूज नाही. याद्या तपासणं हे माझं काम. तेच वाक्य मी वाचलं आणि आनंदाने रडले. फोड उठायला हवा हे तुला दोन एप्रिललाच सांगायला हवं होतं. तुला कंटाळा येईल म्हणून लिहिलं नाही. तुला!

अक्का, ठकूचा ताप उन्हाचा नसेल. तिला एका खोलीत ठेव, म्हादूला तिच्याजवळ जाऊ देऊ नकोस. पाणी, पेज, ताक, जे पोटात जाईल ते दे. तिच्याजवळ तू आणि तुझ्यासारखी लहानपणी टोचून वण आलेलीच माणसं राहोत. फुलाबाईकडे तूच जा. पोरं आजपासून नकोत.

साहेबांना मी आज सांगितलं की मी थांबणार नाही.  मग त्यांनीच ताज्या नळ्या काढायला सांगितल्या आणि मला टोचायची लेखी परवानगी दिली. नळ्या तयार व्हायला पाच-सहा दिवस लागतील. त्या घेऊन मी भोरला येते. पत्र तिथल्या आपल्या मावशीच्या पत्त्यावर भोरलाच टाक.

सगुणा

---

वरची वाडी
११ मे

सगुणे,

तुजी तार शुक्रवारी आली. आमच्याकडं तार म्हंजी कोनतरी गेलं, ह्ये तू पुन्यात इसरलीस. डाकवाला कागूद दिऊन निगून गेला. इंग्रजी कोन वाचनार? सासूबाईंनी तुजं नाव घिऊन गळा काडला. सगळी वाडी दारात जमली. बाया एकमेकीच्या गळ्यात पडल्या. ज्या पोरांना ताप न्हवता ती बी त्या गर्दीत व्हती, ठकूच्या उंबऱ्याशी. म्या ठकूला आत सोडून भाईर बसून तुज्यासाटी रडले. ती आतनं हाका मारीत व्हती, पानी मागत व्हती. म्या म्हनलं थांब, मावशी गेली तुजी.

गेनबा तार घिऊन भोरला गेला, वाचून आनली. दोन दिस गेले. तवा कळलं तू जित्ती हाइस आन पोरांना लांब ठेवा म्हनतीस.

ठकू काल गेली.

डोळं मिटलं व्हतं सुजेनं. मला बगता आलं न्हाई तिला, म्हंजी तिला मला बगता आलं न्हाई. सखू जाईल आज उद्या. अजून चार पोरं निजल्यात. फुलाबाई उटून बसली. ती वाचली, तिला पेज भरवनारी गेली.

सासूबाई म्हनत्यात, पाल्याची रेघ व्हती तवर कुनाला काय झालं न्हवतं.  खरं हाय.

वाडीच्या तोंडाला चार जन काट्या घिऊन बसल्यात. डॉक्टर दिसला तर पाय मोडायचं ठरलंय. तू आलीस तरी. माजा नवरा त्यांच्यात हाय. येऊ नको.

तुजं पतर म्या तीनदा वाचलं. तुला चोवीस तारखेला कळलं व्हतं. ठकूला ताप एकोनतीसला आला. तवर ती रोज जात व्हती.

भामा

---

भोर, १३ मे १९३७

अक्का,

तुझं पत्र मावशीच्या दारात उभ्याने वाचलं. क्षमा मागत नाही. ती मागायची माझी पायरी नाही, आणि तुझ्याकडे ती द्यायला शिल्लक असेल असंही वाटत नाही.

दिवस मीही मोजले आहेत. चोवीस ते एकोणतीस. त्या पाच दिवसांत मी लिहिलं असतं तरी पत्र पोचायला चार दिवस लागले असते, ठकूला आधीच लागण झाली असती, असं मला काल मावशी समजावत होती. मी तिला गप्प केलं. ठकूचं कदाचित खरं असेल. पण आत्ता जी चार पोरं निजली आहेत ती मागाहून पाळीला गेली असतील तर? ते माझं आहे, आणि ते मी कुणाला वाटून देणार नाही.

आता फक्त एवढंच वाच.

माझ्याजवळ तीस नळ्या आहेत. ओल्या वाळूच्या घागरीत, वर ओलं फडकं. मी दर तासाला पाणी मारते आहे. भोरमध्ये काल दोन मुलांना टोचून पाहायची परवानगी मिळाली. फोड उठतो का ते आठ दिवसांनी कळेल, तेवढा वेळ आपल्याजवळ नाही. पण या नळ्या चांगल्या आहेत, एवढं मी सांगू शकते. फार तर पाच दिवस टिकतील. दोन गेले.

तुझ्या हिशेबाने ठकू आणि सखू धरून सहा पोरांना लागण झाली. एकतिसांतली पंचवीस अजून बरी आहेत. ज्यांना लागण होऊन दोन-तीनच दिवस झाले असतील, त्यांनाही आत्ता टोचलं तर आजार हलका होतो किंवा येतच नाही. त्यांत आपला म्हादू आहे. उद्या टोचलं तर उपयोग. पुढच्या आठवड्यात टोचलं तर मी फक्त यादी करायला येईन.

यावेळी खात्री देत नाही. यांतली काही पोरं टोचूनही आजारी पडतील, कारण लागण आधीच झाली असेल. हेही लोकांना सांगायला हवं, आधीच सांगायला हवं. सगळ्यांचा दंड सुजेल, ताप येईल. नाही सुजला तर मी पुन्हा टोचेन आणि नाही सुजला हे तोंडावर सांगेन.

काठ्यांची मला भीती वाटते. वाटत नाही असं लिहिणार होते, पण आता खोटं लिहिणं जमत नाही. तरी येईन. फक्त माझ्याकडून हिसकावून घागर फुटली तर काहीच उरणार नाही, म्हणून तुला विचारते. तू नको म्हणालीस तर हिर्डोशीला खाली थांबते आणि जो कुणी मूल घेऊन उतरेल त्याला टोचते.

गेनबा बाजाराला आले होते, त्यांच्या हाती हे पत्र देते. माझ्याकडे न बघता त्यांनी ते घेतलं. पण घेतलं.

सगुणा

---

वरची वाडी
१४ मे

गेनबाच्या हाती देते. त्यो रातीत उतरनार न्हाई, उद्या पाटं निगंल.

सखू आज सकाळी गेली.

तिला पोचवून आल्यावर म्या समद्यांना देवळाम्होरं थांबवलं. तुजं पाच तारखेचं पतर वाचलं. पुरं वाचलं, औशद उनानं मेलं तेबी, तू कळून गप बसलीस तेबी. माजी जीब लई अडखळली, पर कुनी हसलं न्हाई. मग कालचंबी वाचलं.

मानसं लई बोलली. ठकूचे बाबा म्हनले, पुन्यांदा त्याच बाईचं ऐकायचं? सासूबाई शिव्या देत हुत्या. म्या काय तुजी बाजू घेतली न्हाई. म्या म्हनलं, माजी पोर औशदानं गेली न्हाई, औशद नव्हतं म्हनून गेली. आन ज्येला वाटतंय तिच्यामुळं गेली त्येनं तसंच समजावं, मलाबी तसंच वाटतंय. पर म्हादू जित्ता हाय.

गेनबा म्हनला, आपल्या हातानं आपल्याच तोंडाला काळं फासून धाडलंय तिनं, खोटं लिवायचं तर आसलं कोन लिवंल?  सखूचा बा रडाय लागला. त्येच्या घरात अजून दोन हायेत.

सतरा पोरं आनतो म्हनलेत. बाकीच्यांचं उद्या कळंल. सासूबाई म्हादूला देनार न्हाईत म्हनत्यात. त्येला म्या आनते.

काट्या घिऊन बसलेल्यांतलं दोगं उटलं. दोगं बसल्यात. ठकूचे बाबा बसल्यात. म्हनून नेहमीच्या वाटंनं येऊ नको, गेनबाच्या मागं वड्यातनं ये. घागर त्येच्या डोक्यावर दे, तुला ती वर न्हेता येनार न्हाई. फडकं भिजवायला वड्याला अजून डबकं हाय.

देवळात टोच. आमच्या घराकडं येऊ नको. माज्या गळ्यात पडू नको, पाया पडू नको, ठकूचं नाव काडू नको. रिबीन आनली आसंल तर भोरलाच ठेव.

तुला टोचताना पोरं वळवळत्याल, त्येंना धरायला कोन लागंल. पोरं म्या धरीन.

भामा